जिन्याच्या तोंडावरचं गेट आणि चिऱ्याची भिंत

आमच्या फोंड्याच्या घराचा जिना लाकडी आहे, वर पोचलं की एका बाजूला चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठड्याचा खांब. धाकटी आठव्या महिन्यात रांगायला लागली तेव्हा आम्ही ऑनलाइन एक गेट मागवलं, भोकं पाडायची गरज नाही असलं, चार कोपऱ्यांना रबरी बूच, ते पिळत गेलं की गेट भिंत आणि खांबाच्या मधे घट्ट बसतं. बसलंही. मग एक दिवस मोठा मुलगा त्याला टेकून खाली आजीशी बोलत उभा होता आणि वरचा कोपरा सटकन सरकला. त्याने खांब धरला म्हणून निभावलं. माझे हातपायच गळाले.

असं गेट फक्त घर्षणावर उभं असतं. घर्षण दोनच गोष्टींवर ठरतं, किती जोराने दाबलंय आणि पृष्ठभाग किती धरून ठेवतो. आमच्या भिंतीला गुळगुळीत ऑइलपेंट, त्यात लाकूड पावसात फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, म्हणजे चवथीला, गणपतीच्या दिवसांत घट्ट बसवलेलं गेट जानेवारीत सैल होणारच, शिवाय रबर सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू बसत जातं आणि जोर आणखी कमी होतो. दोन खोल्यांच्या मधल्या दारात हे चालतं, सरकलं तरी पोर जमिनीवरच असतं. जिन्याच्या वरच्या तोंडाला नाही चालत. आणि अशा गेटला खाली जी आडवी पट्टी असते ना, ती पोराला कडेवर घेऊन निघालेल्या माणसाच्या पायात नेमकी जिन्याच्या काठावर येते.

बरेच जण म्हणतात पोराला खड्ड्याची खोली कळते, ते स्वतःच थांबतं. कळते हे खरंय. 1960 साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी अमेरिकेत एका प्रयोगाबद्दल लिहिलं, जाड काचेखाली एका बाजूला उथळ जमीन आणि दुसऱ्या बाजूला खोल खड्डा दिसेल अशी मांडणी आणि रांगती मुलं. आईने हाक मारल्यावर 27 मुलं उथळ बाजूला गेली, खोल बाजूला त्यातली फक्त 3. पण त्यातलाच एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो, काही मुलं उथळ बाजूकडे वळताना मागच्या मागे खोल काचेवर गेली, काच नसती तर पडलीच असती. नजर तयार झालेली असते, अंग अजून नाही. आणि बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, जड, त्यामुळे तोल गेला की आधी डोकंच जातं.

म्हणून वर गेट हवं ते स्क्रूने बसवलेलंच. आता स्क्रूवर जोर किती येतो बघा. 10 किलोचं पोर उघड्या गेटच्या टोकाला लोंबकळलं, बिजागरीपासून 80 सेंटीमीटरवर, आणि दोन बिजागऱ्यांत 50 सेंटीमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीला भिंतीतून उपटणारा जोर होतो 10 गुणिले 80 भागिले 50, म्हणजे 16 किलो. बिजागऱ्या 25 सेंटीमीटरवर असत्या तर 32. हिसका बसला तर याहून कितीतरी जास्त. त्यामुळे बिजागऱ्या एकमेकींपासून जितक्या लांब तितकं बरं.

आणि हा सगळा जोर घेणार भिंत. नायलॉनचा जो प्लग आपण वापरतो तो जर्मनीत आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये काढला, स्क्रू आत गेला की तो फुगतो आणि भोकाच्या भिंतींना दाबून धरतो, म्हणजे इथेही घर्षणच, फक्त भिंतीच्या पोटात. काँक्रीटमध्ये हे मस्त चालतं. चिरा पडला सच्छिद्र, आत पोकळ्या, प्लगला टेकायला जागा मिळेलच असं नाही.

आमच्या मेस्ताने, म्हणजे सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीने काय केलं ते बघत बसले होते मी. ड्रिलचं हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद ठेवलं, नाहीतर चिरा आतून खिळखिळा होतो आणि भोक मोठं होतं. आधी करडी पूड पडली, ते प्लॅस्टर, मग लाल पूड यायला लागली तसा तो म्हणाला, "आता चिरो लागलो." एका ठिकाणी ड्रिल एकदम लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तो दोन चिऱ्यांमधला मातीचा सांधा होता, ते भोक त्याने सोडून दिलं आणि चार बोटं वर नवीन पाडलं. भोकातली धूळ फुंकून काढली, कारण धुळीवर प्लग घसरतो. गेट थेट भिंतीला लावलंच नाही, आधी सागवानाची उभी पट्टी लांब प्लग आणि सहा स्टेनलेस स्क्रूंनी भिंतीला ठोकली आणि बिजागऱ्या त्या पट्टीवर, म्हणजे जोर एका चिऱ्यावर न येता वाटला जातो. समोरच्या खांबाला प्लग लागतच नाही, स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून थेट लाकडात, नाहीतर जुनं लाकूड चिरतं.

गेट उघडतं घराच्या बाजूला, जिन्यावर कधीच नाही. दोन गजांतलं अंतर 6 सेंटीमीटरपेक्षा कमी.

आता दर महिन्याला मी वरच्या बिजागरीपाशी गेट धरून जोरात हलवते आणि पट्टीच्या कडेला बोट फिरवते. लाल पूड बोटाला लागली की मेस्ताला फोन.