पेट मेला, जबाबदार कोण?

ऑनलाइन गेममध्ये काही खेळाडूंकडे पेट असतो, म्हणजे मालकासाठी लढणारा प्राणी किंवा राक्षस. रेडमध्ये (अनेक खेळाडूंनी मिळून केलेल्या मोहिमेत) बॉसच्या, म्हणजे मुख्य शत्रूच्या, एका फटक्यात वॉरलॉक या जादूगाराचा इम्प हा छोटा राक्षस गार झाला की ठरलेलं भांडण सुरू होतं. जखमा भरणारा हीलर म्हणतो, तुझा पेट तू सांभाळ. वॉरलॉक म्हणतो, पेटचं डॅमेज (शत्रूवरचा मारा) गेलं तर बॉसची लढाई लांबणार आणि भोगणार सगळेच. या वादाचं मूळ खेळाडूंच्या स्वभावात कमी आणि गेमच्या नियमांत जास्त आहे.

१९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये तर वादाला जागाच नव्हती. मॅजिशियन किंवा नेक्रोमॅन्सर या जादूगारांनी 'माना', म्हणजे जादूची शक्ती, खर्चून पेट बोलवायचा, आणि एका झोनमधून दुसऱ्यात पाऊल टाकलं की तो गायब. हीलरला माना भरून काढण्यासाठी खाली बसून राहावं लागे. ती पेटवर कोण उधळणार? 'फायनल फँटसी इलेव्हन'मध्ये ड्रॅगून या योद्ध्याची वायव्हर्न (छोटी ड्रॅगन) मेली, तर सुरुवातीच्या नियमांनुसार तिला परत बोलवायला दोन-दोन तास थांबावं लागू शके.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २००४ मध्ये ही जबाबदारी मालकाच्या खिशाला जोडली. वॉरलॉकला व्हॉइडवॉकर हा राक्षस बोलवायचा तर सोल शार्ड (आत्म्याचा तुकडा) हवा, आणि शार्ड मिळवायचा तर मरणाऱ्या शत्रूवर ड्रेन सोल हा मंत्र लावून ठेवायचा. हंटरला, म्हणजे प्राणी पाळणाऱ्या शिकाऱ्याला, पेटला खाऊ घालावं लागे: खूश पेटचा मारा सव्वापट, नाराज पेटचा पाऊणपट, आणि मेला की नाराजी वाढलीच. गंमत हेल्थ फनेल या मंत्राची. वॉरलॉक जागेवर उभा राहून स्वतःचं हेल्थ व्हॉइडवॉकरमध्ये ओतायचा, वॉरलॉकचा हेल्थ बार झरझर खाली यायचा आणि हीलर धावत तो भरायचा. म्हणजे पेटला हील करणार नाही म्हणणारा हीलर शेवटी पेटलाच हील करत होता, फक्त मालकामार्फत!

पेट जगवण्याची दुसरी बाजू सप्टेंबर २००५ मध्ये दिसली. वॉरक्राफ्टच्या झुल'गुरुब या रेडमधल्या हक्कार या बॉसचा 'करप्टेड ब्लड' हा संसर्ग झालेला पेट डिसमिस केला (परत पाठवला) की रोग त्याच्यासोबत जसाच्या तसा राही. शहरात पुन्हा बोलवला की आजूबाजूचे कमी लेव्हलचे खेळाडू पटापट मरू लागत. पुढे साथरोगतज्ज्ञांनीही या प्रकाराचा अभ्यास केला.

खरी अडचण मात्र बॉसच्या एरिया डॅमेजची, म्हणजे मोठ्या जागेवर एकदम पडणाऱ्या माऱ्याची, होती. जमिनीवर आग लागली की माणूस बाजूला होतो. पेट बॉसला चिकटून तिथेच मार खात राहतो. यात मालकाचा दोष किती? माझ्या मते फारच थोडा. वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझर्डनेही ते मानलं असावं, कारण पुढे पेटना अवॉयडन्स हा गुण मिळाला आणि असा मारा त्यांना बराच कमी लागू लागला. २०१२ मध्ये वॉरलॉकला राक्षसाचा बळी देऊन स्वतःची ताकद वाढवण्याचा टॅलेंट (निवडता येणारं कौशल्य) मिळाला, तर २०१४ मध्ये हंटरला पेटशिवाय खेळण्याचा लोन वुल्फ. सोय झाली खरी, पण पेट वाचवण्याचं कसबही त्याबरोबर गेलं.

जुलै २०१९ मध्ये 'फायनल फँटसी फोर्टीन'ने शॅडोब्रिंगर्स या नव्या विस्तारात पेटना शत्रूच्या माऱ्यातून वगळूनच टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर 'वॉरक्राफ्ट क्लासिक' आलं, जुने नियम जसेच्या तसे घेऊन. लोक पुन्हा हौसेने शार्ड गोळा करू लागले, हंटर पिशवीत मांस भरू लागले.