फ्रान्समधील मोटारमुक्त जंगलवाटांवरील सायकल सहल : नोंदणीपूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

फ्रान्समधील सायकल सहलीची चौकशी करणाऱ्या आमच्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा वाहनांविषयी असतो, आणि घरातील ज्येष्ठ किंवा मुले बरोबर येणार असतील तर तो असावाच. ज्या वाटांवर आम्ही सहली आखतो, त्यांना तेथे ‘व्हुआ व्हर्त’ म्हणतात. सप्टेंबर 2004 मध्ये फ्रान्सच्या वाहतूक नियमांत या वाटांची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. त्यानुसार त्या केवळ सायकलस्वार, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असून मोटारींना आणि मोटारसायकलींना तेथे मज्जाव आहे. त्यांपैकी बऱ्याच वाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर किंवा कालव्यांच्या काठांवर तयार झालेल्या असल्याने चढ अंगावर येत नाहीत. मात्र वाट सपाट आहे म्हणून ती सोपीच असेल असे नव्हे, आणि नेमके तेवढ्यासाठीच हे पत्रक आम्ही नोंदणीचे पैसे घेण्याआधी आपल्या हाती देतो.

वाटेचा पृष्ठभाग

फ्रान्समधील या प्रकारची पहिली वाट 1997 मध्ये बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर सुरू झाली. ती डांबरी आहे, आणि ज्यांना अरुंद टायरच्या सायकलीचीच सवय आहे त्यांना आम्ही तिकडेच पाठवतो. प्रस्तुत पत्रकातील वाटा डांबरी नाहीत. बारीक खडी आणि दगडाची भुकटी पसरून, पाणी मारून, रोलरने दाबलेला हा थर असतो. आपल्याकडे नीट दाबलेल्या मुरमाच्या रस्त्यावर सायकल चालवली असेल तर अंदाज येईल. कोरड्या हवेत तो सुरेख चालतो. पावसानंतर मात्र वरची भुकटी चिकट होऊन चाकाला ओढ लागते, साखळीत रेतीचा खरखराट ऐकू येतो, आणि संध्याकाळी साखळी पुसून तेलाचे दोन थेंब दिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गिअर कुरकुरतात. म्हणून आम्ही 38 ते 42 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि मडगार्ड असलेल्या सायकलीच देतो, आणि टायरमध्ये हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवण्यास सांगतो. डांबरावर दिवसाला 60 किलोमीटर सहज जाणाऱ्यांनीही येथे 40 च धरावेत, असा आमचा आग्रह आहे. या आग्रहावर काही ग्राहक नाराज होतात. तरीही आम्ही तो सोडत नाही.

मॅझामे ते बेदारिय : आमची मुख्य सहल

दक्षिण फ्रान्समधील ओ-लांगदॉक प्रादेशिक निसर्ग उद्यानातून जाणारी ‘पासा पाईस’ ही वाट सुमारे 80 किलोमीटर लांब असून तार्न जिल्ह्यातील मॅझामे आणि एरो जिल्ह्यातील बेदारिय या दोन गावांना जोडते. येथून पूर्वी रेल्वे धावत असे. वाफेच्या इंजिनांना झेपेल असाच चढ ठेवून हा मार्ग डोंगरातून काढलेला असल्याने तो शेकड्याला एक-दोनच्या पुढे फारसा जात नाही. अंतर फार नसले तरी आम्ही ही सहल चार दिवसांची करतो, कारण या वाटेची खरी गंमत दोन्ही टोकांच्या मधल्या बदलात आहे.

आम्ही नेहमी मॅझामेहून निघण्याचा सल्ला देतो. मेंढ्यांच्या कातड्यांवरून लोकर उतरवण्याच्या उद्योगामुळे हे गाव एके काळी भरभराटीला आले होते. पुढे लाबास्तिद-रुएरू येथेही कापड गिरण्यांचा इतिहास सांगणारे संग्रहालय आहे. येथवर वाट तोरे नदीच्या खोऱ्यातून, ओलसर, गर्द झाडीतून हळूहळू चढत राहते. त्यानंतर येतो फनीयचा बोगदा. तो पाऊण किलोमीटरहून थोडा लांब असून भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. छतातून पाणी ठिबकते, आणि बाहेरच्या उजेडातून आत शिरल्यावर काही क्षण पुढचे चाकही दिसत नाही. आतील दिव्यांवर विसंबून न राहता सायकलचे पुढचे आणि मागचे दिवे आधीच लावावेत आणि अंगात पातळ जाकीट असावे. हा बोगदा ज्या खिंडीखालून जातो ती जलविभाजक आहे. अलीकडे पडलेला पाऊस तोरे नदीतून अखेर अटलांटिकला मिळतो, तर पलीकडचा झोर आणि ऑर्ब या नद्यांतून भूमध्य समुद्रात जातो. पलीकडे बाहेर पडताच हवा कोरडी लागते, उजेड पांढरा होतो, आणि काही किलोमीटरांतच चेस्टनटची झाडे, नंतर द्राक्षमळे दिसू लागतात.

बोगद्यानंतर लगेच कुर्निऊ गाव आहे. तेथील देव्हेझची गुहा 1886 मध्ये या रेल्वेमार्गाचे खोदकाम चालू असताना सापडली. काचेच्या धाग्यांसारखे बारीक स्फटिक पाहायचे असतील तर त्या दिवशीचे अंतर कमी ठेवण्याची आमची तयारी असते, फक्त तसे आधी कळवावे. पुढे सँ-पाँ-द-तोमिएर येथे झोर नदी खडकाच्या पायथ्याशी उगम पावते. ओलार्ग येथे जुन्या मार्गाच्या लोखंडी पुलावरून नदी आणि दगडी गाव एकाच वेळी दिसते. मुक्काम शक्य असेल तर तो ओलार्गलाच करावा. मॉन्स-ला-त्रिवालपासून एरिकची घळ पायी पाहता येते. तेथे सायकल कुलूप लावून ठेवावी. लामालू-ले-बँ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव, आणि तेथून बेदारिय फार दूर नाही.

ब्रिटनीतील पर्याय

उन्हाचा त्रास होणाऱ्यांसाठी वायव्येकडील ब्रिटनी अधिक सोयीची आहे. कारे या गावाभोवती पूर्वी मीटर गेज रेल्वेचे जाळे होते, ते 1967 मध्ये बंद झाले. त्यातील मॉर्ले ते कारे हा मार्ग आज झाडीतून जाणारी वाट आहे. कारेच्या दक्षिणेकडून जाणारा नांत-ब्रेस्त कालवा 1842 मध्ये पूर्ण झाला. ग्लोमेलजवळचा त्याचा खोल चर 1823 ते 1832 या काळात कैद्यांकडून खणून घेण्यात आला, आणि आज दोन्ही काठांची झाडे त्यावर कमान धरून उभी आहेत. पुढे 1930 मध्ये पूर्ण झालेल्या गेर्लेदाँ धरणाने कालव्याचा एक तुकडा पाण्याखाली नेला, त्यामुळे तेथे सायकलस्वारांना जुन्या रेल्वेमार्गावरून वळसा घ्यावा लागतो. ब्रिटनीत पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. हिवाळ्यात कुंपणाच्या झुडपांची छाटणी झाल्यावर वाटेवर काटे पडतात, म्हणून प्रत्येक सायकलबरोबर दोन जादा ट्यूब देतो.

नियम, पाणी आणि जेवण

फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. वाट मोटारमुक्त असली तरी ती अधूनमधून गावरस्ते ओलांडते, आणि अशा ठिकाणी आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, तर मोटार येते डावीकडून. आमच्या मते संपूर्ण सहलीतील सर्वांत मोठा धोका हाच आहे. या फाट्यांवर मोटारी अडवण्यासाठी आडवे अडसर लावलेले असतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या असतील तर उतरून सायकल तिरकी करूनच न्यावी. 12 वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मग ती स्वतः चालवत असोत वा मागे बसलेली असोत. चालवताना कानात इअरफोन घालण्यास 2015 पासून बंदी असून दंड 135 युरो आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालावे लागते. घोडा समोर आला तर घंटी न वाजवता वेग कमी करून ‘बाँजूर’ म्हणावे. माणसाच्या आवाजाने घोडा बुजत नाही, घंटीने बुजतो.

खेड्यांतील दुकाने दुपारी दोन-अडीच तास, आणि बहुतेक ठिकाणी रविवारी दुपारनंतर व सोमवारी बंद असतात. म्हणून दुपारचे खाणे सकाळीच बेकरीतून घ्यावे. पाण्यासाठी फ्रेंच सायकलस्वार दफनभूमीतील नळ वापरतात. हे ऐकून आपल्या मंडळींना प्रथम अवघडल्यासारखे होते, परंतु लहान गावात दुसरा नळ नसतो. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ असे लिहिलेले असेल तर मात्र ते पाणी पिऊ नये. शाकाहारी ग्राहकांची जेवणे आम्ही मुक्कामाच्या घरी आधी ठरवतो, कारण ऐन वेळी सांगितल्यास ताटात केवळ सॅलड येते. भारतातून चिवडा, भाजणी, लोणचे आणता येईल. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे.

कधी यावे

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने आम्ही सुचवतो. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत वणव्याच्या धोक्यामुळे जंगलातील प्रवेश काही दिवस बंद होऊ शकतो. शरद ऋतूत एरो जिल्ह्यात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रसंग येतात, आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. ‘शास आँ कूर’ असा फलक दिसल्यास मुख्य वाट सोडून आडवाटेला जाऊ नये.

मॅझामेला तुलूझहून प्रादेशिक रेल्वेने येता येते आणि बेदारियहून बेझिएमार्गे परत जाता येते. गाड्या दिवसातून थोड्याच असतात व त्यांत सायकलींच्या जागाही मोजक्या असतात, म्हणून चारपेक्षा अधिक जणांच्या गटाच्या सायकली आम्ही आमच्या टेम्पोने नेतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामाची पत्रे आम्ही नोंदणीनंतर देतो. नोंदणी अर्जात प्रत्येकाची उंची न विसरता लिहावी, कारण सायकलचा आकार त्यावरूनच ठरतो आणि तेथे पोहोचल्यावर तो बदलून मिळणे अवघड असते.