वायपर बंद: मोटर मेली की उपाशी?

पहिल्या पावसात वायपर हलला नाही की गॅरेजात ठरलेलं वाक्य कानावर येतं, "मोटर गेली, बदलावी लागेल." कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा मोटर धडधाकट असते, तिच्यापर्यंत करंटच पोचत नसतो. वरून दोन्हीचं सोंग एकच: स्टिअरिंगखालची दांडी फिरवली तरी ढिम्म, नाहीतर काचेवर रडतखडत एखादी फेरी. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी कान लावा. मोटर गुरगुरते आहे आणि पाती जागची हलत नाहीत, तर हा विजेचा मामलाच नव्हे. लिंकेज, म्हणजे मोटरची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी दांड्यांची जोडणी, निसटलंय किंवा पात्याच्या दांड्याचा नट ढिला झालाय. चिडीचूप असेल तर फ्यूज बघा. उडालेला फ्यूज सापडला म्हणून खूश होऊ नका, तो का उडाला ते शोधा. मोटरचा कपलर (तिच्या वायरी जोडणारा प्लग) काढून, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज टाकून वायपर चालू करा. आताही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. टिकला तर संशय मोटरवर, किंवा गंजून जाम झालेल्या लिंकेजवर. मोठा फ्यूज ठोकून वेळ मारून नेणारे महाभाग भेटतात. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

फ्यूज ठीक असेल तर खरा निकाल मोटरच्या कपलरवर लागतो, आणि भले भले फसतात तेही इथेच. कपलर काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, की झालं, मोटर बाद! पण मीटर करंट ओढतो नावापुरताच. हिरवी बुरशी चढलेल्या पिनेतून किंवा एका तारेवर तग धरून असलेल्या वायरीतूनही तो १२ दाखवेल. मोटरला काही अँपिअर लागतात. तेवढा भार पडला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. वायरिंगचा नकाशा पाहून कपलरमधल्या हळू वेगाच्या आणि अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) पिनांना तो जोडा आणि वायपर चालू करा. लख्ख पेटला तर पुरवठा बहुतेक ठीक, दोष मोटरकडे. मिणमिणला, तर बल्बची अर्थकडची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता लख्ख झाला? मग अर्थिंग खराब. काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं की हे हमखास होतं. तरीही मिणमिणताच राहिला तर स्विच, रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) आणि त्यांच्यामधली वायर तपासायची.

मेलेल्या मोटरच्या काही खुणा वेगळ्या असतात. स्पॅनरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर ती धक्का खाऊन सुरू झाली, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे, झिजलेत. बहुतेक मोटरमध्ये कार्बन तीन: एक सामाईक, एक हळू वेगाचा, एक जोरात चालण्याचा. त्यामुळे हळू बंद आणि जोरात चालू, असं झालं तर तेवढा एक कार्बन गेलेला असू शकतो. पण स्विचचा तेवढाच कॉन्टॅक्ट गेला तरी लक्षण हेच, तेव्हा बल्बची चाचणी पुन्हा करा.

स्विच बंद केल्यावर पाती खाली न जाता काचेच्या मध्येच थांबतात, ही तक्रार वेगळी. पाती जाग्यावर नेईपर्यंत मोटरला करंट देणारा पार्किंगचा कॉन्टॅक्ट सहसा तिच्या गिअरच्या डबीतच असतो; तो तरी गेलाय, किंवा त्याला जाणारी स्वतंत्र वायर. बऱ्याच गाड्यांत वायपर चालू असतानाच चावी बंद केली तरी पाती मध्येच थांबतात. तो बिघाड नव्हे.

नव्या गाड्यांत वायपरचा हुकूम कंट्रोल मॉड्यूलमार्फत जातो. तिथे दिसेल त्या बारीक वायरीला बल्ब लावू नका, मॉड्यूल जळू शकतं. आधी स्कॅनर लावून मॉड्यूलमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या. आणि कुठलीही गाडी असो, कपलर पुन्हा जोडण्याआधी चावी बंद करा आणि लिंकेजमधून बोटं बाहेर काढा. करंट आला की दांडे सांगून हलत नाहीत.