संक्षिप्त गृहचित्रपट

चित्रपटगृहात दाखवलेल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटातले निवडक भाग जोडून, ते लहान मापाच्या फितीवर छापून घरी पाहण्यासाठी विकलेली प्रत म्हणजे संक्षिप्त गृहचित्रपट. व्हिडिओ कॅसेट येण्याआधी आवडता चित्रपट विकत घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि मनात येईल तेव्हा भिंतीवर पाहायचा, तर बहुतेकांच्या खिशाला परवडणारा मार्ग हाच होता. 1920 च्या दशकात फ्रान्स आणि अमेरिकेत सुरू झालेला हा व्यवसाय 1960 आणि 70 च्या दशकांत ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत भरभराटीला आला. आता नवीन रिळे फारशी निघत नाहीत; जुनी जमवणारे आणि लावून पाहणारे लोक मात्र आहेत.

सुरुवात पाथे कंपनीने केली. 1922 च्या नाताळाच्या सुमारास पॅरिसमध्ये तिने ‘पाथे-बेबी’ हा हाताने फिरवायचा छोटा प्रोजेक्टर बाजारात आणला. त्याची फीत 9.5 मिलिमीटर रुंदीची होती आणि फीत ओढणाऱ्या दात्यांसाठीचे भोक कडेला न पाडता मधोमध, दोन चौकटींच्या (म्हणजे फितीवरच्या एकेका स्थिर चित्राच्या) दरम्यान पाडलेले होते. त्यामुळे जवळजवळ पूर्ण रुंदी चित्राला मिळे. चित्रपटगृहातली 35 मिलिमीटरची फीत त्या काळी नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. घरात पेटू नये म्हणून या लहान फिती अ‍ॅसिटेटच्या केल्या गेल्या. फीत वाचवण्याची पाथेची युक्ती तर विलक्षण होती. मूकपटातली मजकुराची पाटी वाचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात कितीतरी फूट फीत खर्ची पडते. पाथेने पाटीची एखाददुसरीच चौकट छापली आणि फितीच्या कडेला एक खाच पाडली. ती खाच आली की यंत्र चित्र थोडा वेळ जागेवर थांबवी आणि मग फीत पुढे सरके. खाच न ओळखणाऱ्या प्रोजेक्टरवर हीच फीत लावली, तर पाटी डोळ्यांपुढून निमिषात निघून जाते.

कोडॅकने 1923 मध्ये 16 मिलिमीटरची, 1932 मध्ये 8 मिलिमीटरची आणि 1965 मध्ये ‘सुपर एट’ ही फीत आणली. सुपर एटची भोके बारीक होती, म्हणून त्याच 8 मिलिमीटर रुंदीत चित्र साधारण दीडपट मोठे बसले. कोडॅकची ‘कोडास्कोप’ ग्रंथालये 16 मिलिमीटरच्या, बहुधा कापून लहान केलेल्या प्रती भाड्याने देत. विक्रीच्या बाजूला अमेरिकेत यूजीन कॅसल यांची ‘कॅसल फिल्म्स’ आघाडीवर होती. 6 मे 1937 रोजी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळून कोसळले. त्या अपघाताची रिळे कॅसलने घराघरांत विकली आणि घरगुती चित्रपटांच्या धंद्यात पाय रोवले. 1947 मध्ये ही कंपनी युनिव्हर्सलच्या उपकंपनीकडे गेली. पुढे युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांची तुकडा-रिळे अमेरिकन मुलांच्या हातात पोचली ती याच वाटेने. आयोवातल्या डॅव्हनपोर्टची ‘ब्लॅकहॉक फिल्म्स’ वेगळ्या वळणाची होती. जुने मूकपट शक्य तितके पूर्ण आणि चांगल्या प्रतीवरून छापून द्यायचे, यावर तिचा भर असे.

कापाकापी समजायची तर हिशोब पाहावा लागतो. सुपर एटच्या एका फुटात 72 चौकटी बसतात. 200 फुटांच्या रिळात 14,400 चौकटी होतात आणि सेकंदाला 24 च्या वेगाने ते बरोबर 10 मिनिटे चालते. 400 फुटांचे रीळ 20 मिनिटे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटातून लहान रिळासाठी बाराव्या हिश्श्याइतकेच घेता येते. ‘स्टार वॉर्स’ 1977 मध्ये प्रदर्शित झाल्यावर ‘केन फिल्म्स’ने त्याचे 200 फुटी रीळ काढले होते. एवढ्या जागेत सगळी कथा कोंबली तर कशाचाच ठसा उमटत नाही. चांगल्या संकलकांनी हे ओळखले होते. ते एखादा पाठलाग, एखादा राक्षस जागा होण्याचा प्रसंग सलग ठेवत आणि बाकीचे धागे सरळ सोडून देत. मूक आवृत्तीत तर बोलपटातले संवाद काढून त्यांच्या जागी चार-दोन पाट्या टाकाव्या लागत, त्यामुळे हालचालीवर उभा असलेला प्रसंगच तिथे टिके. या संकलकांची नावे बहुतेक डब्यांवर छापलेली नाहीत, याची खंत वाटते. त्यांच्या उत्तम रिळांकडे मूळ चित्रपटाची तोकडी नक्कल म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. कादंबरीतला उतारा वेगळा वाचताना त्याला स्वतःची सुरुवात आणि शेवट मिळतो, तसे इथे घडते.

चित्रपट-इतिहासावर या रिळांचे मोठे ऋण आहे. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’ हा मूकपट 1927 मध्ये पॅरिसच्या ऑपेरात प्रथम दाखवला गेला. नंतर तो इतका कापला गेला की मूळ रूप हरवले. 1954 मध्ये केव्हिन ब्राउनलो या लंडनच्या शाळकरी मुलाच्या हाती त्याची 9.5 मिलिमीटरची दोन रिळे आली. घरच्या प्रोजेक्टरवर पाहताना तो थक्क झाला आणि उरलेल्या भागांच्या शोधाला लागला. तो शोध आयुष्यभर चालला. 1979 मध्ये अमेरिकेतल्या टेल्युराइड इथल्या चित्रपट महोत्सवात पुनर्रचित ‘नेपोलियन’ उघड्यावर दाखवला गेला, तेव्हा 89 वर्षांचे गान्स हॉटेलच्या खिडकीतून तो पाहत होते. 1925 च्या ‘लॉस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन मूकपटाचेही असेच. मूळ प्रती नष्ट केल्यानंतर अनेक दशके तो कोडास्कोपच्या संक्षिप्त प्रतीच्या आधारे लोकांसमोर राहिला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण रूपात उरलेला नाही हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला अशा एखाद्या घरगुती प्रतीचे मोल सांगायला नको.

हे रीळ पाहणे हे हाताचे काम आहे. फितीचे टोक तिरपे कापून दातेरी चाकावर चढवायचे, चौकट जिथे दिव्यासमोर येते त्या झरोक्याच्या वर-खाली फितीचा सैल वळसा ठेवायचा, मग दिवा लावायचा. वळसा आवळला की चित्र थरथरते, आणि फीत मध्येच अडकून राहिली तर दिव्याच्या उष्णतेने चौकट तपकिरी होऊन फुगते. फीत तुटली की खराब चौकटी कापून जोड द्यावा लागतो. बोलक्या सुपर एटमध्ये आवाज चित्राच्या 18 चौकटी पुढे, कडेच्या चुंबकीय पट्टीवर असतो. म्हणून जोड आला की आधी चित्र उडी मारते आणि पाऊण सेकंदाने आवाज. सवयीचा माणूस डोळे मिटूनही जोड ओळखतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी टॉकीजमधून मिळालेले फितीचे तुकडे, पाणी भरलेला फ्युज गेलेला बल्ब आणि आरशाचे ऊन एवढ्या सामग्रीवर भिंतीवर चित्र पाडले. तिथे चित्र स्थिर असे, पण चौकट स्वतःच्या बोटांत धरून ती भिंतीवर मोठी होताना पाहण्याचा आनंद याच जातीचा.

1980 च्या सुमारास व्हिडिओ कॅसेट आल्या. वीस मिनिटांच्या रिळाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी भाड्यात पूर्ण चित्रपट घरी येऊ लागला आणि बाजार झपाट्याने आटला. अशी रिळे विकणारी, इंग्लंडमधल्या डडलीची ‘डेरान’ ही कंपनी मात्र 2011 पर्यंत तग धरून होती.

जुने रीळ घेताना संग्राहक आधी डबा उघडून वास घेतात. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेटचे विघटन सुरू झालेले असते. त्यातून निघणारे आम्ल विघटनाला आणखी वेग देते. अशी फीत आक्रसते, वळते आणि शेवटी प्रोजेक्टरमधून जाईनाशी होते. रंगीत प्रतींचे दुखणे वेगळे. त्या काळच्या, कोडॅकच्या ईस्टमन रंगीत फितीवर छापलेल्या बऱ्याच प्रतींतला निळा-हिरवा रंग उडतो, आणि समुद्र काय, जंगल काय, सगळे गुलाबी दिसू लागते. कृष्णधवल रिळे या बाबतीत भाग्यवान. दमट हवेत, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नक्कीच, चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनवर बुरशी चढते. म्हणून रिळे थंड, कोरड्या जागी ठेवतात. वास येणारे रीळ बाकीच्यांपासून दूर ठेवतात आणि त्याच्या डब्याचे झाकण घट्ट लावत नाहीत, म्हणजे आतली आम्लाची वाफ बाहेर पडत राहते.