रिपोर्टमधलं 'नॉर्मल' वेगळं आणि हार्ट पेशंटचं 'टार्गेट' वेगळं

बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी केली, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) आला 68 आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं, कारण लॅबच्या कागदावर शेजारीच छापलेलं की 100 च्या आत म्हणजे उत्तम. बाबा म्हणाले, आता ती रात्रीची कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करूया की. मलाही पटलं होतं. फॉलोअपला डॉक्टरांनी गोळी बंद तर केली नाहीच, वर अजून एक लिहून दिली.

घोळ इथेच होतो. लॅबचं नॉर्मल सगळ्यांच्या कागदावर एकच छापलेलं असतं, त्या मशीनला कुठे माहितीये की या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) आहे. टार्गेट मात्र पेशंट बघून ठरतं. हार्ट ॲटॅक, स्टेंट, बायपास, गुठळीमुळे आलेला पॅरालिसिस, पायाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, यातलं काही झालेलं असेल तर युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या 2019 च्या गाइडलाइननुसार एलडीएल 55 च्या खाली हवा आणि शिवाय मूळच्या आकड्यापेक्षा निदान 50 टक्के कमी हवा. दोन्ही अटी, एक नाही! समजा ॲटॅक आला तेव्हाच एलडीएल 96 होता (असे पेशंट खूप असतात, 'माझं कोलेस्ट्रॉल तर नॉर्मल होतं' म्हणणारे), तर त्यांना 54 वर थांबून चालत नाही, 48 पर्यंत यायला लागतं. म्हणून औषध सुरू व्हायच्या आधीचा रिपोर्ट अजिबात टाकू नका.

दुसरं म्हणजे तो 68 गोळी चालू असतानाचा आहे. ताप उतरला की क्रोसिन थांबवतो तसं इथे नाही, स्टॅटिन, म्हणजे ती रात्रीची कोलेस्ट्रॉलची गोळी, थांबवली की काही आठवड्यांत आकडा परत वर जातो. आणि तीच गोळी डबल केली तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के अजून उतरतो, म्हणून डॉक्टर इझेटिमाइब जोडतात, ती आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषलं जाणं कमी करते. 2015 मध्ये आलेल्या इम्प्रूव्ह-इट ट्रायलमध्ये 18 हजारांवर पेशंट होते, नुसत्या स्टॅटिनवर सरासरी एलडीएल 70 च्या आसपास, दोन्ही गोळ्यांवर 54, आणि सात वर्षांत ॲटॅक, स्ट्रोक वगैरे 34.7 टक्क्यांवरून 32.7 वर आले. फरक छोटा वाटेल, पण 70 सुद्धा लॅबच्या हिशोबाने नॉर्मलच होतं ना.

आता टार्गेट नेहमी नॉर्मलपेक्षा कडकच असतं असंही नाही हं. शुगरचं उलटं आहे. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) चं नॉर्मल 5.7 टक्क्यांच्या खाली, पण डायबिटीस असलेल्या बऱ्याच जणांना 7 च्या आत चालतं, वयस्कर माणसांना त्याहून थोडं सैल, कारण शुगर एकदम खाली जाणं हार्ट पेशंटला धोक्याचं. बीपी साधारण 130/80 च्या आत, चक्कर येत नसेल तर.

गोळीने अंग दुखत असेल, पाय भरून येत असतील तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते, पण मनानेच बंद नका करू प्लीज.

बाबांचा ॲटॅकच्या वेळचा एलडीएल 142 होता. तो कागद आता फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय आणि त्याच्या खाली परवाचा रिपोर्ट, 52.