स्कॉट्स भाषेतील फसवणुकीचे व अपेक्षाभंगाचे शब्द

स्कॉट्स ही स्कॉटलंडच्या सखल प्रदेशाची भाषा. तिचे मूळ उत्तर इंग्लंडच्या जुन्या इंग्रजी बोलीत आहे; डोंगराळ भागातील गेलिक ही वेगळ्या कुळातली. स्कॉट्स बोलींत लबाडीला वाहिलेले शब्द मुबलक आहेत. त्यांतल्या काहींचा विशेष असा, की फसवणाऱ्याची करणी आणि फसलेल्याचा हिरमोड यांना ते एकच नाव देतात.

‘बिगंक’ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. कुणी टोपी घातली तर तो बिगंक, आणि त्यापायी पदरी पडलेली निराशा हाही बिगंकच. लग्नाचे वचन देऊन ऐनवेळी पाठ फिरवणे, या अर्थाने तो क्रियापद म्हणून येतो. ‘बिगेक’ त्याच जातीचा. त्यातील ‘गेक’ म्हणजे वेडावणे. डच भाषेत हाच शब्द वेड्यासाठी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश कुटुंबे उत्तर आयर्लंडातील अल्स्टरमध्ये वसली. तिथल्या बोलीत ‘गंक’ म्हणजे अपेक्षाभंगाचा जोरदार धक्का.

दुसरा मोठा गट नजरेशी निगडित आहे. ‘ग्लेक’ म्हणजे चमकून जाणारा प्रकाश आणि फसवणूकही. कुणाच्या डोळ्यांत ग्लेक फेकणे म्हणजे त्याला दिपवून गंडवणे. त्याचे भावंड ‘ग्लेकिट’ आजही बावळट, शून्यात बघणाऱ्या माणसाला लावतात. रॉबर्ट बर्न्सने 1785 मध्ये उंदरावर लिहिलेल्या कवितेमुळे जगभर पोहोचलेला ‘अग्लाय’ तिरळेपणाच्या शब्दापासून आला आहे: नीट आखलेला बेत तिरका जातो आणि आनंदाऐवजी दुःख हाती येते. ‘ग्लॅमर’ तर मराठी वृत्तपत्रांत रोज दिसतो. तोही मूळचा स्कॉट्स. व्याकरणवाचक ‘ग्रामर’चे हे बदललेले रूप. पूर्वी विद्या म्हटली की सामान्यांच्या मनात मंत्रविद्याही येई, म्हणून त्याला नजरबंदीचा अर्थ आला. वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो इंग्रजीत रुळला आणि नंतर नजरबंदी जाऊन केवळ झगमगाट उरला.

‘गौक’ म्हणजे कुकू पक्षी आणि मूर्ख माणूसही. हा शब्द नॉर्स भाषेतून आला. 1 एप्रिलच्या थट्टेला स्कॉटलंडमध्ये ‘गौकची शिकार’ म्हणत. एखाद्या भोळ्याच्या हाती बंद पत्र देऊन, निकडीचे काम आहे असे सांगून त्याला शेजारच्या गावी पाठवायचे. आत मजकूर असे: हसू नकोस, गौकला आणखी मैलभर पळव. वाचणारा गंभीर चेहऱ्याने त्याला पुढच्या घरी धाडी. अशी पायपीट होता होता कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडे. थट्टा दुपारी बारापर्यंतच चाले. दुसऱ्या दिवशी लोकांच्या पाठीला नकळत शेपूट अडकवण्याची चाल होती. या खेळात सारे गाव सामील असे, म्हणूनच इथला हिरमोड बिगंकइतका जिव्हारी लागत नसावा.

‘जूकरी-पॉकरी’ म्हणजे हातचलाखी, छक्केपंजे. ‘जूक’ म्हणजे अंग चोरून वार चुकवणे, ‘पॉक’ म्हणजे डाव. इंग्रजीतील ‘जिगरी-पोकरी’ यातूनच निघाल्याचे मानतात. ‘पॉक’पासून झालेल्या ‘पॉकी’चा प्रवास मात्र उलटा. धूर्त, कावेबाज असा अर्थ मागे पडून तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेल्या मार्मिक विनोदाची वाखाणणी करू लागला.

अठराव्या शतकात सुशिक्षित स्कॉटिश मंडळी असे शब्द गावंढळ समजून टाळत. ते कटाक्षाने टाळता यावेत म्हणून याद्याही छापल्या जात. त्या काळात जॉन जेमिसन या धर्मोपदेशकाने ते जमवून 1808 मध्ये दोन खंडांचा व्युत्पत्तिकोश काढला. हे काम मोलाचे आहे. ज्या बोली हीन ठरवल्या जात होत्या, त्यांतली शिवी आणि थट्टाही त्याने कोशात मानाने बसवली. पुढे 1931 ते 1976 या काळात ‘स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी’चे दहा खंड निघाले, आधुनिक काळातील वापराची उदाहरणे त्यांत जिल्हावार नोंदलेली आहेत.

बिगंक आणि बिगेक आज बहुतांशी कोशांत आणि जुन्या साहित्यात भेटतात. ‘स्विक’ मात्र टिकून आहे. फसवणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा हा वारस प्रमाण इंग्रजीतून केव्हाच नाहीसा झाला. अ‍ॅबरडीनच्या आसपासच्या ईशान्य भागात फसवणूक आणि फसवणारा या दोघांनाही स्विकच म्हणतात, आणि खेळात लबाडी करणाऱ्या पोरालाही तेच ऐकून घ्यावे लागते.