१४ मिलिमीटरचा धक्का: नव्या घराचं गरम पाणी

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नवं घर बांधताना फरशीच्या रंगावर महिनाभर खल होतो आणि सोलर वॉटर हीटर 'रंगकाम झालं की बसवू' म्हणून बाजूला राहतो. घर तापवायची सोय सोलापुरात कुणी करत नाही, ती मे महिन्यात आपोआप होते. तापवायचं ते आंघोळीचं पाणी. माळवदाच्या घरात तुराट्या सारून बंब पेटवला की काम भागायचं. आताचं पाणी गच्चीवर तापतं, आणि ते नीट तापेल की नाही हे स्लॅब पडायच्या आधीच ठरलेलं असतं.

आधी हिशेब. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ३,५०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सुमारे ४ युनिट वीज. गिझर ती सगळी मीटरवर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून त्याचं काम दीडेक युनिटात होतं, पण यंत्र महाग. गॅस गिझरला एवढ्या पाण्यासाठी साधारण ४०० ग्रॅम गॅस लागतो, १४.२ किलोची टाकी जेमतेम ३५ दिवस. हा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना वास ना रंग. सोलापूरच्या उन्हाला मुख्य भार सोलरवर आणि पावसाळी दिवसांसाठी एक छोटा विजेचा गिझर, हीच जोडी शहाणपणाची.

चार माणसांना किती लिटरची टाकी? २० लिटरची बादली ४० अंशांची करायला ६० अंशांचं पाणी साडेआठ लिटर पुरतं, बाकी गार. माणशी दोन बादल्या धरल्या तरी ६८ लिटर झाले. १०० लिटरमध्ये घर भागतं. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे उतरत असतील तर १५० घ्या.

आता खरी गंमत. पंप नाही, मोटार नाही, मग नळ्यांत तापलेलं पाणी वरच्या टाकीत जातं कसं? 'उष्णता वर जाते' हे उत्तर चूक आहे. उष्णता सगळ्या दिशांना जाते. वर जातं ते हलकं पाणी, आणि तेही स्वतःहून जात नाही. शेजारचं जड, गार पाणी खाली घुसून त्याला वर ढकलतं. एक घनमीटर पाणी २५ अंशांना ९९७ किलो भरतं, ६० अंशांना ९८३ किलो. फरक १४ किलो. म्हणजे एक मीटर उंचीच्या दोन स्तंभांत, एक गार आणि एक गरम, तळाशी दाबाचा फरक किती? १४ मिलिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. बोटाची रुंदी! प्रत्यक्षात पाणी हळूहळू तापत जातं, म्हणून धक्का याहूनही कमी असतो. गच्चीवरून पाच मीटर खालच्या नळाला मिळणारा दाब याच्या साडेतीनशे पट असतो.

सोलरची बहुतेक दुखणी या १४ मिलिमीटरमध्ये सापडतात. सपाट पत्र्याच्या कलेक्टरमध्ये, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या पेटीत, टाकीकडे जाणारा पाइप मध्येच उंटासारखा वर येऊन खाली गेला, तर त्या कुबडात हवा अडकते आणि एवढासा धक्का तिला हलवू शकत नाही. पाइप सतत चढता हवा. टाकीचा तळही कलेक्टरच्या वरच्या कडेहून फूटभर उंच हवा. नाहीतर रात्री चक्र उलटं फिरून टाकीतली ऊब आकाशाला जाते. काचेच्या नळ्यांच्या सोलरला हा त्रास नाही. प्रत्येक नळीत गरम पाणी वरच्या बाजूने चढतं आणि गार पाणी खालच्या बाजूने उतरतं. दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असल्याने रात्रीची गळती नगण्य. नळीच्या टोकाला आरशासारखा चंदेरी ठिपका असतो, तो बेरियमचा. ठिपका पांढरा पडला की पोकळीत हवा शिरली असं समजा आणि नळी बदला.

टाकीतही तेच वजनाचं गणित. गरम पाणी वर तरंगतं, म्हणून ते वरच्या तोंडातून निघतं आणि त्याला ढकलायला गार पाणी तळाशी येतं. म्हणूनच गच्चीवरची गार पाण्याची टाकी संपली की सोलर काठोकाठ भरलेला असूनही गरम नळ कोरडा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हा अनुभव नेहमीचा. लोक मात्र 'सोलर बिघडला' म्हणून मिस्त्रीला बोलावतात. गार पाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नसेल तर गरम पाणी त्याच वाटेने उलटं जाऊन गार नळांतून वाहून जातं.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा, म्हणजे गच्चीपासून निदान सहा-सात फूट. जिन्याच्या हेडरूमवर, म्हणजे गच्चीत उघडणाऱ्या जिन्यावरच्या खोलीच्या छतावर, ती आयती बसते. पण सावली बघा. २२ डिसेंबरला सोलापुरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४९ अंशांवर असतो. हेडरूम आणि टाकी मिळून १२ फूट उंची झाली, तर उत्तरेला साडेदहा फूट सावली पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. वास्तुवाले टाकी नैर्ऋत्येला आणि अग्नीचं सगळं आग्नेयेला सांगतात. सूर्याने त्यांचा नकाशा पाहिलेला नाही. हिवाळ्यात दुपारनंतर तो नैर्ऋत्येलाच उतरतो. सोलर उंच बांधकामाच्या दक्षिणेला ठेवा, तोंड दक्षिणेकडे, कल २८ अंशांच्या आसपास. एवढा कल थंडीत सूर्याला सामोरा राहतो आणि मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना, मुद्दाम कमी ऊन घेतो.

बोअरचं पाणी असेल तर आधी क्षारता तपासून घ्या. त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि चुनखडीचा पांढरा थर बसतो, जितकं गरम तितका भरभर. अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या असलेल्या कलेक्टरमध्ये तो थर १४ मिलिमीटरच्या धक्क्याला पुरून उरतो. काचेच्या नळ्या निदान काढून धुता येतात. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीऐवजी तो झिजावा म्हणून. वर्षातून एकदा उघडून बघा, बारीक झाला असेल तर बदला.

पाइप सीपीव्हीसीचाच, म्हणजे गरम पाण्याला टिकणाऱ्या प्लास्टिकचा. साधा पीव्हीसी ६० अंशांना मऊ पडतो. पाऊण इंची पाइपच्या १५ मीटरमध्ये पावणेचार लिटर पाणी मावतं, ते रात्रभरात गार होतं आणि सकाळी आधी मोरीत जातं. एक इंची घेतला तर साडेसहा लिटर. म्हणून न्हाणीघर सोलरच्या शक्य तितकं खाली आणि पाइपवर नायट्राइल फोमचं आवरण, भिंतीत गाडायच्या आधी. गार लाइनला प्रेशर पंप आणि गरम लाइन नुसत्या उतारावर, असं असेल तर मिक्सर नळात गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. दोन्ही एकाच टाकीवरून घ्या.

नव्या नळ्यांत पहिलं पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर भरा. दुपारी रिकाम्या तापलेल्या काचेत गार पाणी गेलं की ती तडकते. एप्रिल-मेमध्ये व्हेंट पाइपातून (टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या नळीतून) वाफ येऊ लागली तर सकाळी ऊन चढण्याआधी निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाका. व्हेंटचं तोंड मात्र कधीही बंद करू नका.